यादीत नाव नसलेल्यांचं जिंकणं

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज भरले. पूर्व परीक्षेला प्रत्यक्षात बसले ५,८३,२१३. त्यातले मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले १४,६२७, मुलाखतीपर्यंत २,८४५, आणि शेवटच्या यादीत नाव आलं १,००९ जणांचं. म्हणजे मुलाखत देऊन आलेल्यांतलेच अठराशेहून अधिक उमेदवार यादीबाहेर राहिले. ही मुलं-मुली देशभरातून निवडून निवडून तिथवर आलेली. निकालाच्या संध्याकाळी मात्र गावाकडून आलेल्या फोनवर त्यांना एकच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असतं.

राज्यसेवा, पीएसआय, तलाठी भरती, कुठलीही परीक्षा घ्या, गणित हेच. जागा हजारात किंवा शेकड्यात, अर्ज लाखात. यादीत नाव येणं एवढाच जिंकण्याचा अर्थ धरला, तर आपण दरवर्षी लाखो तरुणांच्या कपाळावर पराभवाचा शिक्का मारतो आहोत, तोही त्यांच्या ऐन पंचविशीत. मला हे मान्य नाही. म्हणूनच पुण्यातल्या पेठांमध्ये, छत्रपती संभाजीनगरात, नांदेडात, कोल्हापुरात किंवा दिल्लीत अभ्यासिकेच्या खुर्चीत बसलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. आयुष्यात जिंकणं म्हणजे काय हे ठरवायचं काम परीक्षेवर सोडू नका. ते फॉर्म भरण्याआधी स्वतः ठरवा, आणि ठरवलेलं कागदावर लिहून ठेवा.

आधी यादीचा अर्थ नीट समजून घेऊ. नागरी सेवा परीक्षेची गुणवत्ता यादी एकूण २,०२५ गुणांवर ठरते. मुख्य परीक्षेचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५. २०२३ च्या परीक्षेत देशात पहिल्या आलेल्या आदित्य श्रीवास्तव यांना १,०९९ गुण मिळाले, म्हणजे सुमारे ५४ टक्के. त्याच वर्षी खुल्या गटातून निवड होण्यासाठी शेवटच्या उमेदवाराला ९५३ गुण लागले, सुमारे ४७ टक्के. देशातला पहिला आणि खुल्या गटातला शेवटचा यांच्यात इतकंच अंतर. मग ९५३ आणि ९५२ यांच्यात किती असेल? निबंधाच्या एका परिच्छेदाला परीक्षकाने दिलेला एखादा गुण, किंवा मुलाखतीच्या अर्ध्या तासात चुकलेलं एक उत्तर. एवढ्यावर एक जण अधिकारी होतो आणि दुसरा पुन्हा पूर्व परीक्षेच्या रांगेत पहिल्यापासून उभा राहतो.

यादीत आलेल्यांच्या कष्टाचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण यादी बनते ती ठरावीक जागा भरण्यासाठी. कुठे तरी रेघ ओढावीच लागते. ती रेघ कुठे पडली यावरून एखाद्या माणसाची लायकी ठरवणं हा त्या यादीचाही गैरवापर आहे. आयोगाने तसा दावा कधी केलेला नाही. तो आपण करतो, घरात, लग्नाच्या बैठकीत आणि चौकातल्या फ्लेक्सवर.

शिवाय बऱ्याच गोष्टी उमेदवाराच्या हातात नसतातच. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा तोंडावर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरलेली मुलं अनेकांना आठवत असतील. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. बहुपर्यायी प्रश्नांचा वर्षानुवर्षे सराव केलेल्यांना पुन्हा पेन धरून लिहायला शिकावं लागलं. पद्धत बदलणं योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मुद्दा एवढाच की असा बदल झाला की कालपर्यंत पुढे असलेला उद्या मागे पडू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

आता कामाचं बोलू. एक वही घ्या. पहिल्या पानावर लिहा : मला अधिकारी का व्हायचं आहे? मुलाखतीत द्यायचं उत्तर इथे नको. ‘समाजसेवेची आवड’ हे वाक्य तर अजिबात नको. खरं काय आहे ते लिहा. कायमची नोकरी हवी आहे. बापाने सावकारापुढे हात जोडलेले पाहिले आहेत, ते पुन्हा पाहायचे नाहीत. कॉलेज संपल्यावर दुसरं काय करावं कळलं नाही. तालुक्याच्या कचेरीत आईला दिवसभर ताटकळत ठेवलं होतं, ते डोक्यातून जात नाही. मुलगी असाल तर कदाचित : अभ्यास चालू आहे असं सांगितलं की घरचे लग्नाचं मागे लावत नाहीत. ही सगळी कारणं खरी आणि सन्मानाची आहेत. लाजू नका.

मग प्रत्येक कारणापुढे लिहा की हे या पदाशिवाय आणखी कुठल्या मार्गाने मिळू शकतं. स्थैर्य हवं असेल तर संयुक्त परीक्षेतली पदं आहेत, बँका आहेत, जिल्हा परिषद आहे, चांगली खासगी नोकरीही आहे. लोकांची कामं व्हावीत असं मनापासून वाटत असेल तर वकिली आहे, पत्रकारिता आहे, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आहेत, ग्रामपंचायत आहे. घरावरचं कर्ज फेडायचं असेल तर त्याची रक्कम आणि मुदत लिहा, आणि पाच वर्षं काहीही न कमावता ते कसं फिटणार आहे याचा विचार करा. फक्त मान हवा असेल, तर मात्र जरा थांबा. मान दुसऱ्यांच्या हातात असतो. आज हार घालणारे उद्या बदलीनंतर ओळख देत नाहीत. ज्याला दुसरं काहीच नको, फक्त मान हवा आहे, त्याने या वाटेवर येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला पद मिळालं तरी समाधान मिळत नाही.

दुसऱ्या पानावर मर्यादा लिहा. नागरी सेवा परीक्षेला खुल्या गटातल्या उमेदवाराला वयाच्या बत्तिशीपर्यंत सहा प्रयत्न मिळतात. इतर मागासवर्गीयांना पस्तिशीपर्यंत नऊ. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना सदतिशीपर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ वर्षं आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. संधी जास्तीत जास्त लोकांना मिळावी म्हणून सरकारने ही दारं इतकी उघडी ठेवली. पण दार उघडं आहे म्हणून शेवटपर्यंत उंबऱ्यात बसून राहायचं बंधन कुणावर नाही. तुमची मर्यादा कायद्याच्या मर्यादेहून अलीकडची असली पाहिजे आणि ती तुम्ही ठरवलेली असली पाहिजे. किती वर्षं पूर्ण वेळ, त्यानंतर किती वर्षं नोकरी सांभाळून, आणि कुठल्या तारखेला थांबायचं, हे सगळं लिहा. वही घरातल्या एका माणसाला दाखवा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ही तारीख ठरवायला गेलात तर ठरणार नाही, कारण त्या दिवशी मन एकतर ‘आता शेवटचं एकदा’ म्हणतं किंवा ‘सगळं संपलं’ म्हणतं. दोन्ही वेळा ते खोटं बोलत असतं.

याच पानावर पैशाचा हिशेब. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, पुस्तकं, दिल्लीला जाणार असाल तर तिथला सगळा खर्च. महिन्याच्या महिन्याला लिहा आणि घरी सांगा. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षण योजना आणि विद्यावेतनासाठी आपण पात्र आहोत का, हे क्लासची फी भरण्याआधी तपासा. जमीन विकून किंवा गहाण ठेवून क्लास लावू नका. ज्या घराने एवढं पणाला लावलं त्या घरातल्या मुलाला मोकळ्या मनाने पेपर लिहिताच येत नाही. प्रत्येक प्रश्नासमोर त्याला बांधावरचं आंब्याचं झाड दिसतं.

आता हरण्याकडे येऊ, कारण या वाटेवर बहुतेकांच्या वाट्याला ते येणारच आहे, निदान एकदा. इथे मला खाशाबा जाधवांबद्दल थोडं सविस्तर सांगायचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. तोवरची सगळी मेहनत लाल मातीतली होती. गादीवरची कुस्ती, तिचे आंतरराष्ट्रीय नियम, गुण मोजण्याची पद्धत हे सगळं त्यांना नवं होतं. सहावा क्रमांक म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत ‘काही नाही’. पदक नाही, की सत्कार नाही. पण लंडनहून ते नेमकं काय कमी पडतं याची माहिती घेऊन परतले. पुढची चार वर्षं त्यांनी त्यावर घाम गाळला आणि वजनगटही वरचा घेतला. १९५२ साली हेलसिंकीला जायच्या वेळी निवडीतच अडचणी आल्या, त्यासाठी झगडावं लागलं. पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडलं, ते टेनिसमध्ये लिअँडर पेसचं.

गोष्ट इथे संपवायची आपल्याला सवय आहे. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं देणं फेडलं. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. बढतीसाठी वर्षानुवर्षे थांबावं लागलं, सरकारदरबारी उपेक्षा झाली. १९८४ साली अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. पदकामुळे त्यांचं आयुष्य सोपं झालं नाही. तरीही मी त्यांना जिंकलेला माणूस मानतो, आणि त्यासाठी हेलसिंकीइतकेच लंडनमधला तो सहावा क्रमांक आणि ते फेडलेलं देणं हे दोन्ही आधार माझ्यासाठी पक्के आहेत. हरल्यावर त्यांनी त्या हरण्याचा उपयोग केला, आणि जिंकल्यावर ज्यांच्या जिवावर जिंकलो त्यांना विसरले नाहीत.

तुम्हाला हेच करायचं आहे. अंतिम निकालानंतर आयोग गुण उपलब्ध करून देतो. ते उघडून बघायचं धाडस पुष्कळ जण करत नाहीत. बघा. तुम्ही कुठल्या पायरीवर पडलात? पूर्व परीक्षेत सी-सॅटच्या पेपरला नुसते ३३ टक्के लागतात आणि तरी तिथे अडकणारे अनेक आहेत. मराठी माध्यमातून आलेले, गणिताशी दहावीनंतर संबंध तुटलेले. त्यांना आणखी दहा पुस्तकं वाचून उपयोग नाही, रोज तासभर गणित आणि उतारे सोडवणं हाच इलाज. सामान्य अध्ययनात चुकीच्या उत्तरांचे गुण कापले जाऊन मागे पडला असाल तर अडचण अंदाजाने उत्तरं ठोकण्याच्या सवयीत आहे. मुख्य परीक्षेत निबंध किंवा वैकल्पिक विषय खाली ओढत असेल तर कुणाला तरी उत्तरं तपासायला द्या, आणि तपासणारा तुमचा मित्र नसावा. त्याच पायरीवर, त्याच पद्धतीने, तिसऱ्यांदा पडलात तर पद्धत बदला किंवा थांबायची तारीख अलीकडे आणा. गुण दरवर्षी वर सरकत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा आणखी एक प्रयत्न करण्यात शहाणपण आहे. ‘मेहनत कमी पडली’ हे एकच कारण दर वेळी लिहिणाऱ्याने गुणपत्रिका वाचलेलीच नसते.

थांबायची वेळ आली तर नीट थांबा. अभ्यासिकेची खुर्ची सोडताना माणसं रात्री सामान आवरून, कुणाला न सांगता निघून जातात. असं जाऊ नका. मेसवाल्या मावशींना सांगून जा, ज्याच्या नोट्स वापरल्या त्याचे आभार मानून जा, आपल्या नोट्स मागच्याला देऊन जा. नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. विशीतली चार-पाच वर्षं परत येत नाहीत, त्यांचं दुःख होणारच, ते होऊ द्या. पण हात अगदी रिकामे नाहीत. राज्यघटना, अर्थसंकल्प, पंचायत राज, जमिनीचे कायदे तुम्ही मुळातून वाचलेले आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, ग्रामसभेचे अधिकार काय, हे तुमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे? मुलाखतीपर्यंत पोहोचून यादीबाहेर राहिलेल्यांसाठी आयोगाची ‘प्रतिभा सेतू’ नावाची व्यवस्थाही आहे. उमेदवाराची संमती असेल तर त्याची माहिती सरकारी आणि खासगी संस्थांना नोकरीसाठी पाहता येते. ती संमती देताना ‘लोक काय म्हणतील’ हा विचार मध्ये आणू नका.

मित्राला पोस्ट मिळते आणि आपल्याला मिळत नाही, तो दिवस सगळ्यात अवघड. त्याला फोन करणं टाळावंसं वाटेल. टाळू नका. जमलं तर समोर जाऊन हात हातात घ्या, पाच मिनिटं बसा आणि निघा. तेवढं पुरे. पुढच्या पार्टीला नाही गेलात तरी चालेल. जे मन दुखत असूनही दुसऱ्याच्या दारी जाऊन येतं ते मन अजून खचलेलं नसतं, आणि याची खूण पहिल्यांदा तुमची तुम्हालाच पटते. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल तर ‘मन घट्ट कर’ हा सल्ला पुरणार नाही. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची मोफत सेवा दिवसरात्र चालू असते, तिथे बोला. खोलीवरच्या मित्राची अशी अवस्था दिसली तर त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच्या घरी कळवा, तो नको म्हणाला तरी.

ज्यांचं नाव यादीत आलं त्यांच्याशीही दोन शब्द. तुमचं जिंकणं अजून ठरायचं आहे. फेरफार नोंदीसाठी चौथ्यांदा आलेल्या म्हातारीला तुम्ही खुर्ची देता की उद्या या म्हणता, वाळूच्या ट्रकबद्दल फोन आला तर काय करता, आणि हाताखालच्या शिपायाशी कसं बोलता, यावर ते ठरेल. जिल्ह्याच्या सत्काराला बोलावलं तर तुमच्याबरोबर अभ्यास केलेल्या आणि यादीत नसलेल्या मित्राचं नाव व्यासपीठावरून घ्या. ‘मी रोज सोळा तास अभ्यास केला’ असलं काही तिथे बसलेल्या बारावीच्या पोरांना सांगू नका. किती वेळा हुकलं ते सांगा, घरून पैसे किती आले ते सांगा, नशिबाचा भाग किती होता तेही सांगा.

शेवटी आई-वडिलांना. मुलगा किंवा मुलगी शहरात अभ्यासाला असताना दर फोनवर ‘कधी होणार’ विचारू नका. जेवलास का विचारा, गावात पाऊस पडला का ते सांगा. पावण्यारावळ्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायची जबाबदारी तुमची आहे, लेकराची नाही. ‘आमचा पोरगा साहेब होणार’ असं गावभर सांगून ठेवू नका, कारण त्या एका वाक्यामुळे किती तरी मुलं हरल्यावर वर्षानुवर्षे गावाकडे फिरकत नाहीत. मुलीला परीक्षेसाठी दिलेली वर्षं लग्नाच्या उशिरात मोजू नका. आणि निकालाच्या दिवशी यादी मुलांच्या आधी स्वतः उघडून बघू नका. त्यांना बघू द्या. फोन आला, नाव नाही असं कळलं, तर पुढचा प्रश्न न विचारता एवढंच विचारा की कुठल्या गाडीने येतोस, स्टँडवर घ्यायला येतो.